१५ वरून १६ इंच: गाडीच्या रिम आणि टायर बदलताना

मे महिन्यात माझ्या हॅचबॅकचे चारही टायर एकदमच संपायला आले. टायरच्या खाचांमध्ये तळाशी छोटे उंचवटे असतात. ते १.६ मिमी उंच असतात आणि बाजूचं रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर बाद. माझ्या टायरमध्ये जेमतेम २ मिमी उरले होते. त्यात बॅलन्सिंगच्या मशीनवर दोन स्टीलच्या रिम डुगडुगताना दिसल्या. टायर घ्यायचेच होते, दोन रिमही घ्याव्या लागणार होत्या. मग चारही अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या, घ्याव्यात आणि त्यानिमित्ताने मापाचाही एकदा नीट विचार करावा, असं ठरवलं.

बाजारात पहिला प्रश्न येतो तो "किती इंची टाकायची?" हा. या प्रश्नापासून सुरुवात केली की पुढचं सगळं उलट्या क्रमाने होतं. आधी रिमची नक्षी आवडते, मग तिला बसेल तो टायर, मग तो टायर गाडीला घासतो का ते बघणं. इंच हा सगळ्यात शेवटी ठरणारा आकडा असायला हवा, असं माझं आता ठाम मत आहे. आधी टायरचा पूर्ण व्यास, मग वजन पेलण्याची क्षमता, मग रुंदी आणि ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते. एवढं जमलं की इंच आपोआप ठरतात. नक्षी त्यानंतर, आणि तिच्यासाठी तरीही भरपूर पर्याय उरतात.

सुरुवात ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपासून केली. तिथे लिहिलं होतं १८५/६५ आर १५ ८८ एच. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची, पण मिलिमीटरमध्ये नव्हे, रुंदीच्या टक्क्यांत. आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८८ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. त्याच स्टिकरवर हवेचा दाबही असतो, पुढचा वेगळा, मागचा वेगळा, आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी आणखी वेगळा. त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे प्रत्येक टप्प्यावर तो लागतो.

याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीकडूनच १६ इंची चाकं येतात हे ऐकून होते, पण ऐकीव माहितीवर खरेदी करायची नव्हती. सर्व्हिस सेंटरला ईमेल केला. गाडीचा चासी नंबर दिला आणि तीन गोष्टी विचारल्या: या बॉडीला कंपनीने मान्य केलेली इतर मापं कोणती, मूळ रिमची रुंदी आणि ऑफसेट किती, आणि नटचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, किती. पहिलं उत्तर आलं ते "सेंटरला येऊन भेटा" असं. पुन्हा लिहिलं की लेखीच हवं आहे. मग बरेच दिवस काहीच नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात उत्तर आलं आणि ते थांबण्याच्या लायकीचं होतं: वरच्या मॉडेलला १९५/५५ आर १६, माझी मूळ रिम १५ बाय ६ जे (व्यास आणि रुंदी इंचांत, जे हा रिमच्या कडेचा आकार), ऑफसेट ४५, नट १०० न्यूटन-मीटर. हे पत्र नंतर विमा कंपनीनेही मागितलं, त्यामुळे लेखी उत्तराचा आग्रह धराच.

विमा कंपनीलाही त्याच सुमारास कळवलं, खरेदीच्या आधी. चाकं बदलणं हा फेरबदल धरला जातो का आणि धरला तर काय कागद लागतील, एवढंच विचारलं. उत्तर आलं की माप बदलत असेल तर कळवणं आवश्यक आहे. बिल, रिमवरच्या छापाचे फोटो आणि माप मान्य असल्याचा पुरावा पाठवायचा. नियम देशागणिक वेगळे आहेत. जर्मनीत गाडीच्या कागदपत्रांत नसलेली रिम लावायची तर त्या रिमचं मान्यतापत्र किंवा तपासणी अहवाल लागतो. काही ठिकाणी टायर बॉडीच्या बाहेर डोकावत नाही ना, एवढंच तपासणीत बघतात. पण विमा कंपनीला आधी विचारून ठेवणं कुठेही हिताचंच. अपघातानंतर हा मुद्दा निघू नये.

उत्तरांची वाट बघण्याच्या काळात कागद-पेन घेऊन हिशेब केला. टायरच्या व्यासाचं गणित सोपं आहे. रुंदी गुणिले टक्के म्हणजे साइडवॉलची उंची. ती दुप्पट करायची आणि त्यात रिमचा व्यास मिळवायचा, एक इंच म्हणजे २५.४ मिमी. माझा मूळ टायर: १८५ चे ६५ टक्के १२०.२५, दुप्पट २४०.५, अधिक ३८१. एकूण ६२१.५ मिमी. आता १९५/५५ आर १६: साइडवॉल १०७.२५, दुप्पट २१४.५, अधिक ४०६.४, एकूण ६२०.९. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. रिम इंचभर वाढली, साइडवॉल तेवढी कमी झाली, बाहेरून चाक तेवढंच राहिलं. गाडी बनवणाऱ्यांनी हेच माप का निवडलं ते या आकड्यावरून स्पष्ट होतं.

दुकानात मला २०५/५५ आर १६ सुचवला गेला होता, "सगळीकडे मिळतो" म्हणून. त्याचा व्यास ६३१.९ येतो, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास मोठा. फार वाटत नाही, पण व्यास वाढला की चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. स्पीडोमीटरबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी असता कामा नये. म्हणून कंपन्या मुळातच काटा थोडा पुढे ठेवतात. पावणेदोन टक्के त्या फरकात सामावूनही जातील, पण चाकाच्या कमानीतली जागा त्याने कमी होते आणि गिअरचं प्रमाणही थोडं जड होतं. तीन टक्क्यांच्या आत राहा असं सर्रास सांगतात. ती बाहेरची हद्द झाली. एक टक्क्याच्या आत बसणारं माप उपलब्ध असताना तीनच्या जवळ जायचं कारण मला दिसलं नाही.

यानंतर लोड इंडेक्स आडवा आला. बहुतेक ठिकाणी १९५/५५ आर १६ टायर "८७ व्ही" म्हणून मिळतो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर, मूळ एचपेक्षा वरचा, त्यात अडचण नाही. पण ८७ म्हणजे ५४५ किलो. माझ्या स्टिकरवर ८८, म्हणजे ५६०. फरक पंधराच किलोचा, आणि विक्रेत्यांना तो दाखवला की "काही होत नाही" हेच ऐकायला मिळतं. वेगाचं अक्षर आणि लोड इंडेक्स या दोन्ही गोष्टी मूळपेक्षा खाली न्यायच्या नाहीत, हा नियम मी सोडला नाही. सुटीत चार माणसं, सामान, उन्हाने तापलेला रस्ता, अशा वेळी टायरची सगळी क्षमता वापरली जाते. याच मापाचा एक्सएल, म्हणजे जास्त भार पेलणारा प्रकार ९१ व्ही मध्ये मिळतो. तो ६१५ किलो पेलतो. मी तोच घ्यायचं ठरवलं.

एक्सएलबद्दल एक गोष्ट मला टायर कंपनीच्या तांत्रिक पुस्तिकेत सापडली. साध्या टायरची पूर्ण क्षमता २.५ बार, म्हणजे ३६ पीएसआय दाबावर मोजलेली असते. एक्सएलची २.९ बारवर, म्हणजे ४२ पीएसआयवर. त्यामुळे स्टिकरवरचाच दाब ठेवला तर ६१५ मधले बरेच किलो कागदावरच राहतात. माझ्या गाडीला स्टिकरवर ३३ आहे. हिशेब करून मी ३५ ठेवते.

१७ इंचाचा मोह झाला का? झाला. २०५/४५ आर १७ चा व्यास ६१६.३ येतो, म्हणजे मूळपेक्षा एक टक्काही कमी नाही. गणितात बसतं आणि दिसायला गाडी एकदम बदलते. पण साइडवॉल बघा: मूळ १२० मिमी, १६ इंचाला १०७ आणि १७ इंचाला ९२. खड्ड्यात चाक आपटलं की रिमच्या कडेपर्यंत पोचायच्या आत तो धक्का पचवायला रबराची एवढीच उंची असते. ती पुरली नाही की रिमला पोक येतो किंवा साइडवॉलच्या आतले धागे तुटून बाहेर फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. शिवाय मोठी रिम सहसा जड असते, आणि तिचं वजन चाकाच्या परिघाजवळ असतं. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला तितकंसं चिकटून राहत नाही. अलॉय म्हणजे हलकी असंही समजू नका. दुकानात वजनकाटा मागून घेतला. दिसायला नाजूक असलेली १७ इंची ओतीव रिम माझ्या जुन्या १५ इंची स्टीलपेक्षा स्पष्ट जड भरली. १६ वर थांबले.

आता ऑफसेट. सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवला, आणि तुम्हीही घालवा. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि रिम हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) टेकते ती सपाट जागा, यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर ते ईटी ४५ असं कोरलेलं असतं, आकडा मिलिमीटरमध्ये. आकडा जितका मोठा तितकं चाक आत, जितका छोटा तितकं बाहेर. रिमची रुंदी बदलली की ती मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी वाढते. त्यामुळे नवी रिम आतल्या बाजूला शॉकअपच्या दिशेने किती सरकते आणि बाहेर कमानीकडे किती, हे दोन्ही आकडे वेगवेगळे काढावे लागतात.

माझी मूळ रिम ६ इंच रुंद, म्हणजे १५२.४ मिमी. अर्धी ७६.२. ऑफसेट ४५ मिळवला की आतली कड हबच्या पृष्ठभागापासून १२१.२ मिमी आत, वजा केला की बाहेरची कड ३१.२ मिमी बाहेर. आता १७ बाय ७.५, ईटी ३५ ही रिम, जी मला आग्रहाने दाखवली गेली: अर्धी रुंदी ९५.२५. आत १३०.२५, बाहेर ६०.२५. म्हणजे आत ९ मिमी आणि बाहेर २९ मिमी जास्त. बोल्ट बसले म्हणजे रिम बसली असं समजून हीच रिम कोणी लावली, तर टायर कमानीच्या बाहेर आलाच म्हणायचा. शिवाय बाहेर गेलेलं चाक बेअरिंगवर जास्त ताण देतं आणि ब्रेक मारताना किंवा खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढतं.

हे कागदावरचं झालं. जागा प्रत्यक्ष मोजायला रविवारची सकाळ काढली. गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ. कमानीच्या वरच्या कडेपासून दोऱ्याला नट बांधून लंब सोडला आणि दोरा ते टायरचा फुगवटा हे अंतर पट्टीने घेतलं. पुढे १८ मिमी, मागे १५. चारही चाकांना वेगळं मोजा, डावी-उजवी बाजू एक-दोन मिलिमीटरने वेगळी निघते. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली बाजू बघितली. टायर आणि शॉकअपची नळी यांच्यात सगळ्यात अरुंद जागी २२ मिमी होते. तिथे पट्टी जात नव्हती, म्हणून पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकमेकांवर रचून त्या घट्ट बसेपर्यंत सरकवल्या आणि बाहेर काढून मोजल्या. कमानीच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरवर आधीचा काही घासल्याचा चकचकीत काळा पट्टा आहे का तेही टॉर्चने पाहून घेतलं. नव्हता.

मला आवडलेली नक्षी १६ बाय ६.५ मध्ये होती, पण ऑफसेट ३८. म्हणजे टायरची मध्यरेषाच ७ मिमी बाहेर. शिवाय नवा टायर रुंद, तो प्रत्येक बाजूला आणखी ६ मिमीच्या आसपास जागा घेणार. टायर कंपन्यांच्या तक्त्यात फुगवट्यासकट खरी रुंदी दिलेली असते आणि ती कोणत्या रिमवर मोजली तेही. रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की टायर साधारण ५ मिमी फुगतो. सगळं धरून मागच्या बाजूला १५ पैकी दोनच मिलिमीटर उरत होते. गाडी रिकामी उभी असताना दोन. चार माणसं बसल्यावर, वळणावर, खड्ड्यात ते उरले नसते. दुसऱ्या एका साध्या, सात आऱ्यांच्या नक्षीत ईटी ४५ मिळत होती. ती धरली तर मध्यरेषा जिथल्या तिथे, आत आणि बाहेर दोन्हीकडे सहा-सात मिलिमीटरच वाढ. मागे आठ-नऊ उरतात, आत शॉकअपपाशी पंधराच्या वर. शिवाय १९५/५५ टायरला ५.५ ते ७ इंच रुंदीची रिम चालते, म्हणजे ६.५ मधोमध बसते. तीच ठरवली.

बाकीच्या मापांत विचार करण्यासारखं काही नसतं, ती जुळतात किंवा जुळत नाहीत. पीसीडी, म्हणजे बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, माझ्या गाडीचा ४ बाय १००. चार बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन बोल्टच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं. पाच असतील तर शेजारच्या दोन बोल्टमधलं अंतर मोजून १.७०१ ने गुणायचं. इथे एका गोष्टीची भीती बाळगा: ४ बाय ९८ आणि ४ बाय १०० या दोन रिम डोळ्यांना सारख्याच दिसतात, आणि दोन मिलिमीटरचा फरक असूनही नट जोर लावून आवळले जाऊ शकतात. तसे आवळलेले नट तिरके बसतात आणि चालत्या गाडीत सैल होतात. "बसवून देतो" या शब्दावर ही गोष्ट सोडू नका, रिमच्या मागे कोरलेला आकडा स्वतः वाचा.

मधलं भोक, म्हणजे सेंटर बोअर, माझ्या हबला ५४.१ मिमी लागतं आणि नव्या रिमचं होतं ६७.१. बाजारातल्या रिम मुद्दाम मोठ्या भोकाच्या बनवतात, म्हणजे त्या अनेक गाड्यांना चालतात. मधली फट भरायला हब रिंग मिळते, बाहेरून ६७.१ आणि आतून ५४.१. ती भार पेलत नाही, भार पेलतं ते नटने आवळलेल्या पृष्ठभागांचं घर्षण. रिंगचं काम चाक नेमकं मध्यावर बसवणं एवढंच, पण ती नसली की ताशी नव्वद-शंभरच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि बॅलन्सिंग कितीही वेळा करा, ते जात नाही. उलट भोक हबपेक्षा लहान असेल तर ती रिम तुमची नाही. कातून मोठी करून घेऊ नका.

नटचं टोकही बघायला हवं. काही रिमला शंकूसारखं ६० अंशांचं टोक लागतं, काहींना गोलसर, काही जुन्या अलॉयना सपाट वॉशरवाला नट. जुळत नसलेला नट आवळलेला वाटतो, पण कडेच्या एका रेघेवरच टेकलेला असतो. माझ्या नव्या रिमला शंकू हवा होता, तोही बारीक बाहेरच्या व्यासाचा, कारण नटची भोकं अरुंद होती. म्हणून नवे नट घ्यावे लागले.

विकत घेण्याआधीची शेवटची तपासणी म्हणजे रिमच्या मागचे छाप. जेडब्ल्यूएल हा जपानी प्रमाणाचा छाप, व्हीआयए म्हणजे तिथल्या स्वतंत्र तपासणी संस्थेकडे नोंद. छाप खोटाही असू शकतो, म्हणून मी विक्रेत्याकडे रिम बनवणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र मागितलं. एका ठिकाणी ते मिळेना, तिथून मी घेतली नाही. याशिवाय रिमवर कमाल भार किलोमध्ये कोरलेला हवा. गाडीच्या पाटीवर प्रत्येक अॅक्सलचा पूर्ण भरलेला भार दिलेला असतो. त्यात जास्त असलेल्या अॅक्सलच्या आकड्याच्या निम्म्यापेक्षा रिमचा आकडा मोठा असला पाहिजे.

जूनच्या मध्यात ऑर्डर दिली. ईटी ४५ चा साठा नव्हता. "तीच रिम ३८ मध्ये उद्या देतो" असा फोन दोनदा आला. सगळं मोजून ठेवलेलं असल्यामुळे नाही म्हणणं सोपं गेलं. रिम यायला महिना उलटला. तोवर झिजलेल्या टायरवर पावसात गाडी कमीत कमी काढली, आणि तो काळ खरंच जिवाला घोर लावणारा होता. ज्यांचे टायर माझ्याएवढे संपलेले असतील त्यांनी हा शोध दोन-तीन महिने आधीच सुरू करावा.

रिम आल्या तेव्हा टायर चढवायच्या आधी एक रिकामी रिम गाडीला लावून पाहण्याचा आग्रह धरला. हे अत्यंत महत्त्वाचं आहे, कारण एकदा टायर चढला की रिम परत घेतली जात नाही. पुढचं चाक काढलं. हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ केला. ब्रेक कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या यंत्रणेच्या) सगळ्यात बाहेर आलेल्या भागावर लहान मुलांच्या खेळातल्या मऊ मातीची वाटाण्याएवढी गोळी चिकटवली, रिम लावली, चारही नट हाताने बसवले आणि हळूहळू एक फेरा फिरवला. रिम काढली तेव्हा गोळी एका बाजूने चपटी झाली होती. सुरीने कापून जाडी मोजली, साडेचार मिलिमीटर. आऱ्या आणि कॅलिपर यांच्यात तीनपेक्षा जास्त मिळाले म्हणून मनावरचं ओझं उतरलं. नट किती आटे आत जातो तेही मोजलं. माझा स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, एम १२ बाय १.५ आहे: १२ मिमी जाड, दर फेऱ्याला नट १.५ मिमी पुढे. त्यावर निदान आठ पूर्ण फेरे जायला हवेत, म्हणजे स्टडच्या जाडीइतकी पकड मिळते. बसवणारे गृहस्थ शांतपणे हे सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "ताई, घासणार नाही हे मी सांगितलं असतं, पण कितीने घासणार नाही ते नसतं सांगता आलं."

टायर घेताना साइडवॉलवरचा तारखेचा आकडा बघितला. शेवटचे चार अंक: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ०८२५ म्हणजे २०२५ चा आठवा आठवडा. चारही टायर एकाच सुमाराचे मागून घेतले. चढवताना बाहेरची बाजू बाहेरच राहते ना ते बघा. काही टायरवर तसं लिहिलेलं असतं, काहींवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, आणि घाईत एखादा उलटा चढतो. चाकात दाबाचे सेन्सर असतील तर ते नव्या रिममध्ये हलवावे लागतात आणि त्यांच्या व्हॉल्व्हचे सील नवे घालावे लागतात. माझ्या गाडीत एबीएसवरून दाबाचा अंदाज घेणारी पद्धत आहे, त्यामुळे मेनूत जाऊन ती नव्याने शिकवणं एवढंच काम होतं.

नट टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने, १०० न्यूटन-मीटरवर आवळून घेतले. हवेच्या बंदुकीने फक्त चढवू दिले, शेवटचं आवळणं रेंचनेच. रिम बदलल्याने अलाइनमेंट बिघडत नाही, पण जुने पुढचे टायर आतल्या कडेला जास्त झिजलेले होते, म्हणून नव्या टायरवर तीच झीज सुरू होऊ नये यासाठी ते करून घेतलं. टो, म्हणजे चाकांचा पुढून आत किंवा बाहेर असलेला कल, खरंच बाहेर निघाला.

खर्चाबद्दल एवढं सांगते: आठ वस्तूंच्या किमतीवरच बजेट बांधू नका. नट, हब रिंग, व्हॉल्व्ह, चढवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट हे सगळं मिळून माझं बिल जवळजवळ एका टायरच्या किमतीने वाढलं. रिम आणि टायर यांत तडजोड करायचीच असेल तर रिम साधी घ्या आणि टायर चांगला घ्या. ओल्या रस्त्यावरची पकड रबर ठरवतं. युरोपच्या लेबलवर ती ए ते ई अशा अक्षरांत दिलेली असते आणि मी ए असलेलाच निवडला.

पहिले काहीशे किलोमीटर सांभाळून चालवली, कारण साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला थर निघून जाईपर्यंत नव्या टायरची पकड पूर्ण नसते. शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा रेंचने तपासले. एक थोडा फिरला, बाकी जागच्या जागी. पूर्ण भरलेल्या गाडीनिशी घाट उतरून आल्यावर लायनर पुन्हा टॉर्चने पाहिला, कुठे घासल्याची खूण नाही. स्पीडोमीटरचा फरक जीपीएसवर बघितला. आधी काटा १०० वर असताना खरा वेग ९४ असायचा, आता ९६ येतो. व्यास तर सारखाच आहे, मग हे कसं? जुने टायर सहा मिलिमीटर झिजले होते, म्हणजे त्यांचा व्यास १२ मिमी कमी झाला होता, दोन टक्के. झिजलेल्या आणि नव्या टायरमध्येच एवढा फरक असतो. म्हणून तुलना नेहमी कागदावरच्या मापांशी करा, जुन्या चाकाला टेप लावून नको.

गाडी वळणावर पूर्वीपेक्षा लवकर वळते, स्टिअरिंगला नेमकेपणा आलाय. छोटे खड्डे आणि रस्त्यावरचे सांधे थोडे जास्त जाणवतात, ते कबूल करायला हवं. तेरा मिलिमीटर साइडवॉल कमी झाली तिची ती किंमत. मला ती परवडते. ज्यांचा रोजचा रस्ता अगदी फुटका आहे त्यांनी १५ इंचांवरच राहून फक्त चांगले टायर घ्यावेत, असं मी मनापासून सांगेन.

विमा कंपनीला बिल, फोटो आणि सर्व्हिस सेंटरचं पत्र पाठवलं. ऑगस्टमध्ये पॉलिसीवर नोंद होऊन आली, हप्ता किंचित वाढला. ती प्रत गाडीतल्या कागदांमध्ये ठेवली आहे.

स्टेपनी जुनी १५ इंचीच ठेवली, न डुगडुगणाऱ्या दोन रिमपैकी एक. व्यास सारखा असल्यामुळे ती तात्पुरती चालते, पण तिला जुने नट लागतात. नव्या बारीक नटांची पकड त्या स्टीलच्या रिमच्या भोकांवर पुरेशी पसरत नाही. म्हणून मूळ चार नट एका पिशवीत घालून जॅकच्या शेजारीच बांधून ठेवले आहेत, आणि नव्या नटांना बसणारा पातळ पानाही तिथेच आहे, कारण गाडीबरोबर आलेला पाना त्या अरुंद भोकात जातच नाही.